‘हो’ नसलेली भाषा

जिन्यात भेटला की आमचा शेजारी गळ्यावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "म्यूडे." जर्मनीत, कार्ल्सरूहेत नवा होतो तेव्हा मला वाटलं, गाणारा माणूस आहे, आपला मूड सांगतोय. मीही रोज उत्साहाने "व्हेरी गुड" म्हणायचो. म्यूडे म्हणजे थकलोय, हे कळायला माझा जर्मनचा पहिला कोर्स संपावा लागला.

तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. एका दणदणीत रॉक बँडमध्ये वर्षानुवर्षं गाऊन त्याचा घसा पार बसला होता. मग एकदम बँड नाही, ड्रम नाहीत. नुसती गिटार घेऊन तो स्वयंपाकघरात हळू आवाजात गाऊ लागला. आता स्वतःचा अल्बम करतोय म्हणाला. घसा बसला की माणसाला भजन सुचतं, असं मी बायकोला म्हटलंही. तुम्हीही म्हटलं असतं.

एका रविवारी तो चहाला आला होता. मी आमच्या ओवीला मराठीत विचारलं, जेवलीस का? ती सवयीने जर्मनमधलं हो, म्हणजे "या", म्हणाली आणि पळाली. काय विचारलंस, म्हणून त्याने मला खोदून विचारलं. मग सांगू लागला. त्याची आई आयर्लंडची. तिच्या गावच्या भाषेत ‘हो’ असा शब्दच नाही. जेवलास का विचारलं, तर जेवलो म्हणायचं.

"मी जन्मभर तिला ‘या’च म्हणत आलो," तो म्हणाला.

आई आता वृद्धाश्रमात होती. म्हातारपणी तिची जर्मन पुसली गेली होती. उरली होती ती लहानपणची भाषा. आईशी तिच्या भाषेत न बोलताच ती जाईल, ही त्याला धास्ती होती. गाणी तिच्या भाषेतली होती आणि तिच्यासाठीच होती. शब्द चुकू नयेत म्हणून तो इतकं हळू गात होता.

अल्बम झाला. आईने हेडफोन लावून, डोळे मिटून सगळा ऐकला. शेवटी तिने तिच्या भाषेत विचारलं, थकलास का? त्याने तिच्याच भाषेत सांगितलं, थकलो. एवढंच बोलणं झालं. हे मला जिन्यात सांगताना त्याची बोटं गळ्याकडे गेली नाहीत. मला फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, रडूही आलं.

हिवाळ्यात आई गेली. घर रिकामं करून तो तिच्या गावी निघून गेला.

परवा पुण्याहून माझ्या आईचा फोन आला. मी ऑफिसातून नुकताच आलो होतो, बूटही काढले नव्हते.

"थकलास का रे?"

एरवी मी "छे गं, मजेत" म्हणतो. वरच्या घरात काहीच वाजत नव्हतं.

"थकलो," मी म्हटलं.