काकूंना दारात पाणी पाहिजे!

आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी योगा चालतो, असं बोर्डावर लिहिलंय. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं योगा आणि पाऊण तास गप्पा! अशा ग्रुपमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. बाल्कनीत कबुतरं जमतात तसे आपोआप जमतात. त्यात आम्ही पाच जणींनी गोव्याला जायचं ठरवलं, आणि राहायचं कुठे हे ठरवायला दोन महिने घेतले.

पाच जणी म्हणजे मी, पुण्याच्या जोशीवहिनी, सुरेखा, आयटीतली मीनल आणि म्हात्रेकाकू. काकू सत्तरीच्या, इथल्याच, खाडीकाठच्या. त्यांचं गाव एअरपोर्टमध्ये गेलं. मागचं दार उघडलं की भरतीचं पाणी पायरीला, अशा घरात सगळा जन्म काढलेली ही बाई आता सातव्या मजल्यावर राहते. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगून टाकलं, "मना दारात पानी पायजे. नायतर मी येत नाय!"

काकू नाहीत तर ट्रिप कॅन्सल, हे मी तिथल्या तिथे जाहीर केलं. मी साताऱ्याची आहे. एकदा बोलले की बोलले.

*

पहिलं हॉटेल आणलं जोशीवहिनींनी. प्युअर व्हेज, स्वच्छ, शेजारी देऊळ. फोटो बघून आम्ही खूश झालो. मग मीनलनं मॅप उघडला. समुद्र तिथून गाडीनं पाऊण तास!

"वहिनी, आपण बीचवर चाललोय ना?"

"अगं, समुद्र एकदा जाऊन बघून यायचा असतो," वहिनी म्हणाल्या, "राहायचं कशाला त्यात?"

काकूंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की वहिनींनी फोन पर्समध्ये ठेवला.

*

सुरेखाची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या नवऱ्याचा एपीएमसी मार्केटला कांद्याचा गाळा आहे. बाई हॉटेलची रूम बघतच नाही! थेट रेस्टॉरंटच्या फोटोवर जाते आणि सॅलडची प्लेट झूम करते.

एक झकास हॉटेल सापडलं होतं, समुद्राला लागून. सुरेखानं प्लेट झूम केली आणि फोन माझ्या हातात दिला. "हे बघ. कांद्याला मोड आलेत. फोटो काढायच्या दिवशी यांना धड कांदा मिळाला नाही, एरवी काय खायला घालत असतील?"

अशी तिनं चार हॉटेलं बाद केली. वाद घालणार कोण? तिच्या घरी रोज कांद्याचाच विषय!

*

मग काकू म्हणाल्या, "मीच इचारते." मी नंबर लावून दिला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"भरतीचा पानी तुमचे पायरीपर्यंत येतो काय?"

पलीकडची मुलगी गांगरली. "मॅम, हमारे यहाँ इन्फिनिटी पूल है. एकदम समंदर जैसा दिखता है."

"तो भरतो नि उतरतो काय?"

"मॅम?"

काकूंनी फोन ठेवायची खूण केली. दुसरीकडे लावला, तिसरीकडे लावला. एकानं बाथटब सांगितला, एकानं रूममध्ये मोठा ॲक्वेरियम! काकूंचा चेहरा उतरत चालला होता, ते मला बघवेना. "राहू दे गो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू दे काय? दारात पाणी असलेली खोली मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

*

मधेच मीनल म्हणाली, "विमानानं जाऊ या ना. एअरपोर्ट तर आता घराशेजारीच आहे!"

बोलली आणि तिचं तिलाच कळलं.

काकू एवढंच म्हणाल्या, "ट्रेननी जाऊ." त्याच दिवशी मी पाच तिकिटं काढून टाकली. तारीखही काकूंनीच सांगितली होती, पौर्णिमेची. आम्हाला वाटलं, उपासबिपास असेल.

*

हॉटेल शेवटी मिळालं ते मीनलच्या सवयीमुळे. ती रिव्ह्यू वाचते. चांगले नाही, फक्त वाईट! एका सकाळी नाक मुरडत वाचायला लागली, "हे बघा, वन स्टार. खाडीच्या तोंडाशी चार खोल्यांचं हॉटेल आहे. म्हणे रूमच्या पायरीवर भरतीचं पाणी चढलं, माझ्या मिस्टरांच्या चपला वाहून गेल्या. अत्यंत भिकार जागा!"

काकू शवासनातून ताडकन उठल्या.

"हाच बुक कर!"

*

पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर नुसता चिखल! पाणी कुठच्या कुठे लांब. माझं टाळकंच सरकलं. "थांबा, मॅनेजरलाच बोलावते. फसवलंय आपल्याला!"

काकू पायरीवर चहा घेऊन निवांत बसल्या होत्या. "गप बस गो. ओहोटी हाय. आज पुनव. बाराला बग, उधान येल."

तेव्हा कुठे आम्हाला तारखेचा उलगडा झाला.

अकरानंतर पाणी खरंच सरसर आत आलं. बाराच्या सुमारास खालची पायरी बुडाली, मग मधली. काकू वरच्या पायरीवर, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मला भरून आलं, जोशीवहिनी तर चक्क डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. बिचारा घाबरलेला. "मॅडम, आज पाणी जास्त चढतंय. वरच्या मजल्यावर मोठी रूम रिकामी आहे, तुमचं सामान लगेच हलवतो. चला, उठा, उठा!"

मीही म्हटलं, "काकू, तासाभराचाच प्रश्न आहे, चला वर."

काकूंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि आणखी एक पायरी खाली सरकून बसल्या.

"एकदा उठवलाय मना घरातून," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "आता नाय उठनार."