उचगावची गांडुळं

नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात मासा आला. त्यांचा एक मित्र मुलाकडे पुण्याला राहायला निघाला होता. जाताना काचेची टाकी, पंप आणि आतला वाम मासा असं सगळं आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. "बसल्या बसल्या करमणूक होईल तुझी," म्हणाला. तो हातभर लांब, सापासारखा मासा जिवंत गांडुळांशिवाय काही खात नाही, हे त्यानं दारात चपला घालता घालता सांगितलं.

आम्ही लिंगायत. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. त्यात नवऱ्याला गांडूळ नुसतं दिसलं तरी मळमळायचं. त्यामुळे काम कुणाच्या गळ्यात पडलं ते सांगायला नको. सकाळी पूजा करायची, डबा भरायचा आणि शाळेत शिकवायला निघण्याआधी दोन गांडुळं धुऊन चिमट्यानं माशापुढे धरायची. गांडूळ चिमट्याला वेढे घालायचं आणि मासा वाळूतून नुसतं नाक बाहेर काढून बसायचा. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं.

"अगं, हलव जरा. जिवंत आहे हे कळायला नको त्याला?" नवरा खुर्चीतून सांगायचा.

"तुम्ही या की इकडं. हात चांगले आहेत की तुमचे."

"मला नाही बघवत."

आणि माशानं गांडूळ ओढून घेतलं की हाच माणूस टाळी वाजवायचा.

मित्रानं दिलेली गांडुळं आठवड्यात संपली. शाळेतल्या शिपाईमामांनी उचगावच्या एका गांडूळखतवाल्याचा पत्ता दिला. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा गाडी तिकडं वळवली. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये पन्नाशीचा एक माणूस शेणावरचं ओलं पोतं उचलून बघत होता. मी खरं ते सांगितलं, की माशाला घालायला थोडी गांडुळं हवीत.

त्यानं पोतं परत खाली टाकलं. "न्हाय जमायचं ताई. खत न्या पायजे तेवढं. ही माझी कामाची माणसं हायत. माशाच्या तोंडात घालायला पोसली न्हाईत."

घरी आले तर नवरा म्हणाला, "एवढं लांब जाऊन रिकामी आलीस?" पुढचे तीन दिवस मासा उपाशी राहिला आणि त्यांनीही ताटातली भाकरी नुसती चिवडली. माझा असा संताप झाला होता, की चौथ्या दिवशी मी पुन्हा उचगावला गेले आणि सरळ खोटं बोलले. मासा परत दिला, म्हटलं. आता गच्चीवर भाजीचा वाफा करायचाय.

त्या माणसाचा चेहराच बदलला. त्यानं डबा भरून गांडुळं दिली, वर ऊन लागू द्यायचं नाही, पाणी किती शिंपडायचं, सगळं समजावलं आणि माझा पत्ता नि फोन नंबर घेतला. मग दर चार दिवसांनी फोन. "काय ताई, आमची मंडळी बरी हायत न्हवं?" एकदा तर हातात चिमटा असतानाच फोन आला. "छान आहेत," मी म्हणाले. रागही यायचा आणि लाजही वाटायची. एवढी आस्थेनं चौकशी कशाला करायची माणसानं?

महिन्याभरानं मी शाळेतून आले तर तो आमच्या हॉलमध्ये. पेठेत काही काम होतं म्हणून माझ्या वाफ्यासाठी शेणखताची पिशवी घेऊन आला होता. नवऱ्याला कोण आनंद! दिवसभर एकटा बसलेला माणूस, त्याला बोलायला कुणीतरी मिळालं होतं. टाकीकडे बोट दाखवून ते सांगत होते, "एका दमात ओढतो बघा गांडूळ!"

तो माझ्याकडे वळला. "मासा परत दिला म्हणलासा की ताई."

"चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं.

"ऱ्हायल्याली कुठं हायत?"

मी न्हाणीघरातून डबा आणून दिला. त्यानं बोटानं माती उकरून बघितली. "पानी तरी मारायचं व्हतं," असं पुटपुटत त्यानं उरलेली गांडुळं एकेक करून शेणखताच्या पिशवीत सोडली. मी चहा टाकते म्हणाले. "नगं," म्हणून पिशवी उचलून तो गेला.

तो जिना उतरायच्या आतच नवऱ्यानं विचारलं, "आता उद्या सकाळचं काय?"

तिथं माझा तोल सुटला. "उद्या सकाळी तुम्ही रिक्षानं दुकानात जायचं आणि हा मासा देऊन यायचं. नाहीतर गांडूळ स्वतःच्या हातानं धरायचं!"

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकणाची बादली घेऊन ते गेले आणि कोरडं खाणं खाणारे पाच-सहा चिमुकले मासे घेऊन आले. आता म्हणतात, "यांच्यात काही मजा नाही." चिमूटभर भुकटीसुद्धा मीच टाकते.

उचगावला मी एकदा फोन लावला. माफी मागायची होती. त्यानं उचलला आणि विचारलं, "खत पायजे काय?"

मी नको म्हणाले.

"मग ठेवतो," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.