गाडीला जागा

अंबादास गेला तो स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी. दवाखान्याची गाडी आत शिरेना. दोन्ही बाजूंना स्कूटरी, हातगाड्या, कुणाचा तरी टेंपो... शेवटी चौघांनी त्याला बाजेवर घालून बाहेर काढलं. मी निरोप मिळताच धावत पोहोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं.

महिना होत आला तरी माझा राग जात नाही. आणि राग कुणावर, तर गेलेल्या माणसावर! कारण सोसायटीत गाड्यांना जागा सोडू नये म्हणून भांडलेला माणूस हाच.

आम्ही एकाच गिरणीत. तो मागावर, मी ऑफिसात. सत्तरच्या सुमाराला कामगारांनी मिळून घरं बांधायची ठरवली. नकाशा मंजूर करून घ्यायचा तर अर्धा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडायचा, अशी अट होती. ती काढून टाका असा अर्ज करायचा की नाही, यावर सभा बसली. मी म्हणालो, असू दे अट. आज सायकली आहेत, उद्या पोरं स्कूटर घेतील. एवढ्यात मंद्रूप गावाहून आलेला सिद्राम उठला. "गाडीला जागा केली, बरं झालं. पर बैलं कुटं बांदायची?"

लोक हसून लोळले. अंबादास तेवढा हसला नाही.

"हसताय काय? त्याच्याकडं बैलं न्हाईत, तुमच्याकडं मोटार न्हाय. तितं दोन घरं बसत्यात की!"

"आणि उद्याचं काय?" मी विचारलं.

"उद्या येऊ दे की. माणूस आज रस्त्यावर हाय."

त्याच्यापुढं बोलण्यात टिकणं कुणाच्या बापाला जमलं नाही. वर्षभर हेलपाटे घालून त्यानं अट सोडवून आणली. तळमजल्यावर दोन घरं निघाली. एकात सिद्रामचा संसार, दुसऱ्यात विड्या वळणारी एक विधवा बाई. पुढं दारात नवी स्कूटर दिसली की मी टोमणा मारायचो, "आला बघ तुझा उद्या!" तो म्हणायचा, "स्कूटर भिजती, भिजू दे. सिद्राम भिजत न्हाय."

परवा पुन्हा सभा झाली. ती दोन्ही घरं रिकामी करून घ्यायची, गाड्या आत घ्यायच्या आणि गल्ली मोकळी करायची, असा ठराव आला. अंबादासचं झालं तसं आणखी कुणाचं नको, असं जो तो म्हणत होता. जुना विरोधक म्हणून मला मुद्दाम बोलायला उभं केलं. सिद्राम बाहेरच उभा होता, आत आलाच नाही. मी तोंड उघडणार तोच अंबादासची बायको, शांतावहिनी, उठल्या.

"भावजी, थांबा. बाज गल्लीत अडकली तवा ह्यांना सुद होती. माझा हात धरून म्हणाले, 'आता सिद्रामला काढतील बघ. काढू दिऊ नको.'"

मी खाली बसलो. ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. माझ्यामागून बाकीचेही हात वर गेले आणि ठराव पडला. सिद्रामचं घर राहिलं... आणि गल्लीही होती तेवढीच राहिली. अरे गाढवा, मेल्यावरसुद्धा वाद तूच जिंकलास! पण आता पुढच्या माणसाला बाहेर कसं काढायचं, ते मी कुणाला विचारू?