गाठीखालची पालवी

"मॅडम, आईचं झाड लई झकास वाढलंय. मिरी कधी धरंल?" निपाणीहून भरतचा फोन आला आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मिरीचं कलम एका पावसात झकास वगैरे वाढत नसतं. वाढलंय ते दुसरंच काहीतरी, हे मला अनगोळात बसून कळलं.

अनगोळला माझी नर्सरी आहे. शिक्षण हॉर्टिकल्चरचं, हात कलमांवर बसलेला. भरतची आई पद्माक्का, निपाणीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. त्यांच्या यजमानांनी, आप्पांनी, परसात नारळावर मिरीचा वेल चढवला होता. आप्पा गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात परसात पाणी तुंबून वेलाची मुळं कुजली. वेल वाचणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं होतं. आक्का एवढंच म्हणाल्या, "ह्यातलं कायच न्हाय का ऱ्हायाचं?"

राहील म्हटलं. मिरीच्याच कुळातलं ब्राझीलकडचं एक झुडूप आहे. आम्ही नर्सरीवाले त्याला ब्राझील हिप्पली म्हणतो. पाय पाण्यात असले तरी ते कुजत नाही. त्याला आपली मिरी लागत नाही, पण त्याच्या बुंध्यावर मिरीची फांदी बसवता येते. मूळ त्याचं, शेंडा मिरीचा. फळ धरणारी आडवी फांदी बसवली तर वेल न होता कुंडीत मावणारं झुडूप होतं. मी आप्पांच्या वेलाच्या मिळतील तेवढ्या फांद्या आणून ग्राफ्टिंग केलं. फांद्या आधीच अर्धमेल्या. एकच कलम जगलं, आणि तोवर तिकडे वेल वाळून गेला.

ते एकुलतं एक कलम उन्हाळ्यात आक्कांच्या हाती देताना मी बजावलं होतं, जोडाच्या गाठीखाली पालवी फुटेल ती हिप्पलीची, दिसली की खुडायची. नाहीतर सगळं तीच खाते आणि वरची मिरी उपाशी मरते. आक्कांनी मान डोलावली होती.

जाऊन बघते तर कुंडीत रान माजलेलं. सगळी पानं हिप्पलीची. आत हात घालून शोधल्यावर मिरीची काडी सापडली, दोन पिवळट पानांची. माझं डोकंच फिरलं. सांगितलं होतं ना, म्हणत मी पिशवीतून कलमाची सुरी काढली.

"ठेव ती आत," आक्का म्हणाल्या.

मग उलगडा झाला. आषाढात त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला होता. हिरवं खायचं नाही, तोडायचं नाही. मी म्हटलं, मग मी तोडते, तुम्ही आत जाऊन बसा.

"तू तोडलीस तर मला बरं वाटंल गं. तेच नको."

तोडायचं नाही, तोडवायचं नाही आणि दुसऱ्यानं तोडलं म्हणून मनात सुखावायचंही नाही. तिन्ही वाटा बंद. मी जरा कठोरच बोलले, की हे मरेल, आप्पांचं एवढंच उरलंय.

"ठावं हाय मला. रोज बघती मी." त्यांचे डोळे भरून आले. भरतला त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं खुडलं असतं.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. सुरी माझ्या हातातच होती. दोन-चार फांद्या गेल्या तर काय कळणार होतं? पण मग झाड तरारलं असतं, ते बघून आक्का सुखावल्या असत्या आणि त्यांचा नेम त्यांच्या नकळत मी मोडला असता. सुरी पिशवीत टाकली. चहा आल्यावर विचारलं, फांद्या नुसत्या सुतळीनं मागं बांधल्या तर चालेल का?

त्यांनी विचार केला. "इजा न्हाय ना हुयाची? मग चालतंय."

बांधल्या. काडीवर ऊन पडेल अशी कुंडी फिरवली, हिप्पली भिंतीकडे. याला उपचार म्हणायची मला लाज वाटत होती. परतीच्या वाटेवर संकेश्वर येईपर्यंत मी मनात आक्कांशी भांडत होते.

दिवाळी झाली, नेम सुटला आणि त्यांचाच फोन आला. "ये. सुरी आण."

काडीचं एक पान गळलं होतं. पण पेरावर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा कोंब होता. मी नुसतं बोट दाखवत गेले, फांद्या आक्कांनी स्वतः कापल्या. गाठीला धक्का लागू दिला नाही. शेवटची फांदी खाली पडली तशा त्या कुंडीशेजारी बसून मोकळेपणानं रडल्या. आप्पा गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या, असं भरत म्हणाला.

आता त्या झाडाला बाराही महिने घोस लागतात. मिरी खरं तर हिरवी असताना खुडून वाळवायची. चातुर्मासातले घोस मात्र आक्का झाडावरच ठेवतात. लाल होतात, पाखरं खातात, खाली पडलेले दाणे त्या वेचतात. मी कुरकुर केली तर म्हणतात, आप्पांच्या वेलाचीबी निम्मी पाखरंच खायची.

ऊन, पाणी, खत मी आजही कलमाबरोबर समजावून सांगते. पण त्याआधी विचारते, घरात नेम कुणाचा आहे?