एस्तेरबाईंचं पाकीट

मिरजेच्या त्या लहानशा चर्चमध्ये दर रविवारी उपकारस्तुतीची पाकिटं वाचली जातात. घरात काही चांगलं झालं की लोक पाकिटात दान घालतात, वर कारण लिहितात, आणि पाळकसाहेब ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. इतर घरांतून वर्षाला एखाद-दुसरं पाकीट यायचं. एस्तेरबाई आवळे यांचं दर रविवारी, आणि कारणं अशी, की पाळकसाहेबांना मध्येच चष्मा पुसायला थांबावं लागे. ‘कुकरची शिटी सापडली म्हणून.’ ‘मेथी स्वस्त मिळाली, शिवाय कोवळी निघाली म्हणून.’ एकदा त्यांनी ‘नणंदबाई सुखरूप आटपाडीला पोचल्या म्हणून’ असं लिहून पाकीट शनिवारीच देऊन टाकलं. इकडे नणंदबाईंची शेवटची बस चुकली, आणि रविवारी त्या एस्तेरबाईंच्या शेजारीच बसून ते ऐकत होत्या. पुढच्या रविवारचं कारण होतं, ‘नणंदबाई पुन्हा बोलायला लागल्या म्हणून.’

नवरा शमुवेल रेल्वेतून निवृत्त झालेला, स्वभावानं तिरसट. चर्चला यायचा, पण शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून.

“देवाला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?” तो म्हणायचा. “तुज्या कुकरची शिटी ऐकत बसायचं का त्यानं?”

“आवं, आनंद काय आपोआप येतोय? भाकरीगत रोज थापाय लागतो,” एस्तेरबाई म्हणायच्या, आणि त्याचे कळकट मोजे बादलीत बुडवायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांची देवाकडे एवढी एकच तक्रार होती, शमुवेलचे मोजे.

या वर्षी शमुवेलच्या डाव्या पायाला जखम झाली. साखर वाढलेली, जखम भरेना. शेवटी डॉक्टरांनी पंजा काढला.

घरी आणल्यावर शमुवेल भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. भेटायला आलेले लोक ‘देवाची इच्छा’ म्हणून बिस्किटं खाऊन जायचे, आणि एस्तेरबाईंना त्या बिस्किटांचाही राग यायचा.

शनिवारी सवयीनं त्यांनी पाकीट काढलं, पेन उघडलं. काहीच सुचेना. तासाभरानं पेनाला टोपण घालून त्या देवाला म्हणाल्या, “खोटं न्हाई लिवायची मी तुला.” पाकीट कोरंच टेबलावर राहिलं. पुढचे चार शनिवार तेच. लोक काय म्हणतील याची त्यांना भीती नव्हती. भीती वेगळीच होती. दिवस बरे होते म्हणूनच आपण आनंदी होतो की काय? मग इतकी वर्षं आपण देवासमोर नुसती मिरवत होतो?

पाचव्या रविवारी सकाळी शमुवेल अचानक म्हणाला, “दाढीचं सामान दे. चर्चला जायचंय.”

एस्तेरबाईंनी सामान आणि गरम पाणी पुढ्यात ठेवलं. शेजारच्या नानासोंनी रिक्षा आणली, चाकाची खुर्ची मागं बांधली. चर्चमध्ये पहिल्यांदाच शमुवेल पुढे बसला, कारण खुर्ची मागच्या बाकांत शिरेना.

पाळकसाहेब पाकिटं वाचत होते. एक पाकीट उलटसुलट करून ते थांबले. अक्षर वाकडंतिकडं होतं.

“शमुवेल आवळे यांच्याकडून,” त्यांनी वाचलं. “पाय गेला त्याचा राग आहे. तो देवाला सांगून झालाय. पण बायकोचं पाकीट चार आठवडे टेबलावर कोरं पडलं. पायापेक्षा ते जास्त दुखलं. ती परत लिहायला लागेल, म्हणून ही आगाऊ उपकारस्तुती.”

एस्तेरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भर चर्चमध्ये रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. शमुवेल समोर बघत कुजबुजला, “आता लिवावं लागंल. देवाला शबूद दिलाय मी.”

“मला इचारलं न्हाई ते?”

“नणंदेला इचारलं हुतंस का तू?”

पुढच्या शनिवारी दुपारी एस्तेरबाई तेच कोरं पाकीट घेऊन बसल्या. दुःख गेलं नव्हतं, ते समोर खुर्चीतच बसलं होतं. पण त्यांनी ठरवलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर स्वतःच घाबरल्या, फाडायला निघाल्या. शमुवेलनं ते हातातून काढून घेतलं, वाचलं, आणि आपल्या खिशात घातलं.

रविवारी पाळकसाहेबांनी ते हातात घेतलं, मनात वाचलं आणि एस्तेरबाईंकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

“मोजे धुण्याचं काम निम्म्यावर आलं म्हणून.”

चर्चमध्ये कुणाला हसावं की रडावं कळेना. पहिला हसला तो शमुवेल, खुर्चीचे दोन्ही हात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.