कुमक निघालीच नव्हती

मुख्यालयात वायरलेसवर बसणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताईच म्हणत. नवरा गेल्यावर लेकीला वाढवत त्यांनी त्याच खुर्चीवर उमेदीची वर्षं काढली होती.

लढाई पेटली आणि डोंगरातल्या ठाण्याला वेढा पडला. तिथले कप्तान रोज सकाळी कुमक मागायचे. आधी हुकमी आवाजात, मग समजावून, पुढे पुढे अगदी काकुळतीनं. पाणी आटलं होतं, जखमींना कण्हायचंही त्राण उरलं नव्हतं. ताई दरवेळी मोठ्या साहेबांकडे धावायच्या. नकाशावरून नजर न काढता ते म्हणायचे, कुमक निघालीय म्हणून सांगा.

एके दिवशी साहेबांच्या तोंडूनच खरं बाहेर पडलं. कुमक पाठवायचीच नव्हती. ठाणं झुंजत राहिलं की शत्रू तिथंच अडकून पडणार, एवढाच हिशेब.

दुसऱ्या सकाळी कप्तानांनी विचारलं, "ताई, कुमक बैलगाडीनं निघालीय का हो?"

ताईंना हसू आलं नाही. "कप्तानसाहेब, कुणी निघालेलं नाही," त्या म्हणाल्या. "निघणारही नाही. तुमचं तुम्हीच बघा."

कप्तान हळूच म्हणाले, "जपून राहा, ताई." त्यानंतर यंत्र मुकं झालं.

ताईंनी आपण होऊन साहेबांना सगळं सांगितलं. ताईंची उचलबांगडी घोंगड्यांच्या गोदामात झाली. कामाचं त्यांना काही वाटलं नाही, पण रात्र रात्र त्या जाग्याच असत. आपल्या बोलण्यानं ती माणसं मेली तर? लेक उशाशी बसून केसांवरून हात फिरवी.

एका दुपारी काठी टेकत एक माणूस गोदामाच्या दारात आला. "ताई ना?" एवढंच तो म्हणाला, आणि त्यांनी आवाज ओळखला.

कप्तान पोत्यावर टेकले. धुळीच्या वादळाचा आडोसा धरून, जखमींना पाठीवर घेऊन ते सगळे ओढ्याच्या पात्रातून निसटले होते. बहुतेक वाचले, काही वाटेतच गेले. गेलेल्यांबद्दल ऐकताना ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"रोज खोटं ऐकून मी पोरांना खोटंच सांगत होतो," कप्तान म्हणाले. "खरं कळलं, तशी ती उठून उभी राहिली."

ताईंनी त्यांना पाणी दिलं. मग कप्तानांनी घोंगडीचं एक टोक धरलं, दुसरं ताईंनी. घड्या घालताना काठी दोनदा घसरून पडली. दोन्ही वेळा ताईंनी ती उचलून भिंतीला टेकवली.