विहीणबाईंचा खड्डा

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कधी एक वस्तू टाकली नाही. टाकून बोलल्या त्या फक्त माणसांना, आणि त्यात मात्र त्यांनी काटकसर केली नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा केला म्हणून सुनेला, शिळ्या भाताचं पाणी मोरीत ओतलं म्हणून नवऱ्याला, देवळात पत्रावळीऐवजी चकचकीत ताटल्या आणल्या म्हणून पुजाऱ्याला आणि एकदा तर कचऱ्यात चांगली सुतळी टाकली म्हणून थेट सरपंचांना त्या बोलल्या आहेत. पोशीर गावात त्यांच्या आळीतून जाताना लोक हातातला वेफर्सचा कागद खिशात घालतात, आळी संपली की परत बाहेर काढतात.

सोयरीक जुळली तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. माझं खोपोलीत हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, टाक्या, बादल्या असला माल. मुलगी बघायला ही मंडळी आली, तर पोहे समोर येण्याआधीच विहीणबाई उठून आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. बायकोला वाटलं, मुलीला एकटीला काही विचारायचं असेल. त्या मोरीजवळ वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मोरीचं पानी कुठं जातं?" आमच्या लग्नाला वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती, पण बायकोला हा प्रश्न कुणी केला नव्हता. ती म्हणाली, "जातं कुठंतरी बाहेर." त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "बाहेर म्हंजे कुनाच्या तरी घरातच की!" आम्हाला वाटलं, मोडलं लग्न. पण पल्लवी त्यांना पसंत पडली. का, ते पुढे कळलं. तांदळाचं धुवण तिनं कढीपत्त्याच्या झाडाला घातलेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. मुलीच्या शिक्षणावर मी केलेला खर्च तसा वायाच गेला म्हणायचा.

लग्नात त्यांनी मानपान काही मागितलं नाही. मागितलं ते असं की मांडवात प्लॅस्टिकचा पेला नको, थर्मोकोल नको, पाण्याच्या बाटल्या नकोत. गावातल्या बचतगटाचे स्टीलचे पेले त्या टेंपोत घालून स्वतः घेऊन आल्या आणि वरमाय म्हणून मिरवायचं सोडून पाण्याच्या पिंपाशी उभ्या राहिल्या. पुण्याचे आमचे एक चुलतभाऊ अंगानं भारदस्त आहेत, हुद्द्यानंही. त्यांनी पेला भरून घेतला, दोन घोट प्यायले आणि उरलेलं फेकायला हात मागे नेला, तोच विहीणबाईंनी तो वरच्या वर धरला. "अर्धं घ्यावं, लागलं तर परत यावं. आता हे त्या झाडाला घाला." झाड कार्यालयाच्या पार फाटकाशी होतं. भाऊ सूट घालून, भरला पेला सांभाळत, तेवढं अंतर चालून गेले. ते अजून माझ्याशी जरा तुटकच वागतात.

नंतर येणं-जाणं वाढलं. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणात दोरीवर पांढऱ्या-निळ्या पताका फडफडताना दिसल्या. बायको म्हणाली, "अगंबाई, काही कार्य आहे का?" जवळ गेल्यावर कळलं की त्या धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या. जुन्या साड्यांच्या गोधड्या, गोधड्या विरल्या की पायपुसणी, पायपुसणी झिजली की गोठ्यात. कापडाचा जन्म त्यांच्या घरात संपतच नसे. गणपतीत त्या नदीच्या काठावर उभ्या राहत आणि निर्माल्याच्या पिशव्या लोकांच्या हातातून काढून घेत. एका माणसानं हुज्जत घातली तेव्हा म्हणाल्या, "देव चाललाय गावाला. त्याला काय डबा बांधून द्यायचाय प्लास्टिकमधी?" एकदा माझ्या दुकानात बसल्या असताना एक गिऱ्हाईक चांगला लांब पाइप घ्यायला आलं. कशाला हवा, असं यांनी सहज विचारलं. तो बिचारा सरळ होता, संडासाचं पाणी ओढ्यात सोडायचं म्हणाला. तो पाइप न घेताच गेला. पुन्हा कधी आला नाही. "व्याही, असली गिऱ्हाइकं ठेवू नका," म्हणाल्या. मी म्हटलं, "राहिलं कोण आता?"

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचा खड्डा. परसात, गोठ्याच्या मागे त्यांनी एक खड्डा करून घेतला होता. मोरीचं, न्हाणीचं, गोठा धुतल्याचं, घरातलं सगळं सांडपाणी त्यात जाई आणि त्याच्या कडेनं केळी, अळू, कर्दळ अशी हिरवीगार माजलेली असत. पाहुणा आला की चहाच्या आधी खड्डा दाखवला जाई. जावयाचे साहेब आले तेव्हा त्यांनाही दाखवला. निघताना हातात केळ्याची फणी मिळे. केळी खरंच चांगली होती. खड्डा पावसाळ्यात तुंबतो म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी तो चांगला खोल करून घेतला, आणि खाली कातळ लागेपर्यंत खणणाऱ्यांना सोडलं नाही. त्याला लागणारा पाइप अर्थात माझ्या दुकानातला. परसाच्या खाली उतारावर आळीची विहीर. गावात नळ आलेत, पण प्यायला त्या आळीत अजून विहिरीचंच पाणी भरतात. गोड लागतं.

संक्रांतीनंतर एक दिवस पल्लवीचा फोन आला. माझी नात ओवी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. आम्ही कर्जतला दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं होतं आणि विहीणबाई खाटेच्या कडेला ताठ बसलेल्या होत्या. त्या कुणालाच काही बोलत नव्हत्या. आळीतली आणखीही पोरं आजारी होती. आरोग्यसेवकानं विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं आणि पाणी पिऊ नका असा निरोप आला. ओवी बरी होऊन घरी आली, त्या दिवशी विहीणबाईंना वाचा फुटली. "त्या बंगल्याचं पानी हाय ते."

तिकडे कळंबच्या बाजूला रिसॉर्टं झाली तशी इकडेही शनिवार-रविवारची घरं झाली आहेत. आळीच्या वरच्या अंगाला ठाण्याच्या एका जोडप्याचा बंगला होता. माणसं साधी, निवृत्त. त्यांच्या मागच्या बाजूनं एक बारीक नाली निघे. विहीणबाई भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी आळीचं हळदीकुंकू ठरवलं, आणि ते त्या नालीच्या काठावर सतरंज्या अंथरून केलं. बंगल्यातल्या बाईंना आग्रहाचं बोलावणं. माझी बायको तिथं होती. ती सांगते, त्या बाई पैठणी नेसून आल्या, त्यांना बरोब्बर नालीच्या तोंडाशी बसवलं, कुंकू लावलं, वाण म्हणून कापडी पिशवी दिली, तिळगूळ दिला आणि तो खाऊन होईपर्यंत उठू दिलं नाही. आपला मान होतोय की पंचनामा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या यजमानांना मात्र कळलं. ते दुसऱ्या दिवशी विहीणबाईंच्या अंगणात आले आणि म्हणाले, "ताई, आमचं पाणी जात असेल तर आजच्या आज बंद करतो. पण आधी बघून घेऊ या का?" आरोग्यसेवकाजवळ रंगाची पूड होती. ज्या खड्ड्याचं पाणी विहिरीत उतरतं त्याचा रंग विहिरीत दिसतो, अशी ती साधी परीक्षा. बंगल्याच्या सांडपाण्याच्या टाकीत पूड टाकली. दोन-तीन दिवस पाहिलं, विहीर होती तशीच. "आनखी टाका," विहीणबाई म्हणाल्या. आणखी टाकली. विहीर स्वच्छ. मग आळीतले बाकीचे खड्डे बघायचे ठरले. पहिला नंबर त्यांच्या धाकट्या जावेचा लागला. वाटण्या झाल्यापासून या दोघींमध्ये सरळ शब्द गेलेला नव्हता; जे जात ते कुंपणावरून आणि तिरके. जाऊबाईंचा खड्डाही निर्दोष निघाला. तेव्हा विहीणबाई आरोग्यसेवकाला म्हणाल्या, "आता माझ्यात टाका. म्हंजे मागनं कुनी बोलायला नको."

पूड टाकली त्या शनिवारी मी नातीला बघायला म्हणून तिथंच मुक्कामाला होतो. रविवारी सकाळी ओटीवर चहा पीत बसलो होतो. जाऊबाई गुरांसाठी पाणी काढायला विहिरीवर गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. वाटेत दोन-तीन घरं होती, त्यांनी कुणाला हाक मारली नाही. कुंपणाशी न थांबता त्या थेट आमच्या ओटीपाशी आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आक्का, वाईच इकडं येता का?"

आवाजात काहीतरी होतं म्हणून मीही मागोमाग गेलो. काठावर बादली ठेवलेली होती. पाणी हिरवट, पोपटी. उन्हात तर ते सुंदरच दिसत होतं. विहीणबाईंनी हात बुडवला, ओंजळीत घेऊन पाहिलं, ओतलं, परत घेतलं. नंतर आरोग्यसेवकानं समजावलं की खड्डा नको तितका खोल गेला, कातळाला भेग आहे, तिच्यातून गोठ्याचं पाणी सरळ खाली उतरतं. खड्डा उथळ हवा होता आणि विहिरीपासून चांगला लांब. पण हे सगळं नंतर. त्या वेळी तिथं आम्ही तिघंच होतो. जाऊबाईंनी ती बादली ओतून दिली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. मला वाटतं, त्या ओतणारही होत्या. त्यांनी कडीला हात घातला. विहीणबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. बघू देत सगळ्यास्नी."

आळी जमली. विहीणबाई विहिरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "रंग माझ्या खड्ड्याचा हाय. तुमची पोरं माझ्यापायी आजारी पडली. माझी नातबी. बंगल्यावाल्यांचा काय दोष नाय." एवढं बोलून त्या तशाच बंगल्याकडे चालू लागल्या. फाटकाबाहेर थांबल्या. बाई लगबगीनं बाहेर आल्या, आत या, चहा घ्या म्हणू लागल्या. "चाय नको, आधी आयका," म्हणून विहीणबाईंनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओवी आता जेवते ना नीट?" त्यावर विहीणबाई फाटकाला कपाळ टेकून रडल्या. मी जरा बाजूला होऊन चिकूचं झाड बघत राहिलो.

पुढची कामं भराभर झाली. खड्डा बुजवला. केळी त्यांनी आपल्या हातानं उपटली. राहू द्या म्हटलं तरी ऐकेनात. गोठ्याचं पाणी लांब खालच्या शेताकडे वळवलं, त्याला पाइप मी दिला. मोरीच्या पाण्याला उथळ वाफा केला. विहीर उपसून गाळ काढला, जंतुनाशक पावडर टाकली, पुन्हा नमुना पाठवला आणि पाणी चांगलं असल्याचा निरोप आला. त्या दिवशी बायका कळशा घेऊन जमल्या, पण कुणीच पुढे होईना, सगळ्या विहीणबाईंकडे बघत राहिल्या. त्या मागेच उभ्या. शेवटी जाऊबाईंनी बादली काढली, तांब्या भरला आणि म्हणाल्या, "धरा ओंजळ." विहीणबाई प्यायल्या. पाणी कोपरावरून ओघळत होतं. एरवी तेवढ्यावर त्या कुणालाही बोलल्या असत्या.

तेव्हापासून त्या बोलायच्या थांबल्या. घरात सगळं पूर्वीसारखंच करतात. पिशव्या धुतात, गोधड्या शिवतात. पण दुसऱ्याला शब्द नाही. पल्लवी फोनवर म्हणाली, "बाबा, परवा मी मुद्दाम भाताचं पाणी मोरीत ओतलं, त्यांच्यासमोर. काहीच म्हणाल्या नाहीत हो." जावई आईला डॉक्टरकडे न्यावं का असं विचारत होते.

मागच्या महिन्यात गेलो होतो. संध्याकाळी विहीणबाई आणि मी ओवीला घेऊन ओढ्याकडे फिरायला निघालो. ओढ्यात टेंपो घातलेला, एक माणूस तो साबणानं घासून धूत होता. फेस खाली विहिरीच्या अंगाला वाहत होता. विहीणबाई थांबल्या. त्यांनी तोंड उघडलं. मी मनातल्या मनात त्या टेंपोवाल्याची कीव करून घेतली. पण त्यांनी तोंड मिटलं आणि ओवीचं बोट धरून चालू लागल्या.

"अहो, बोला ना त्याला," मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं बोलू, व्याही?"

आम्ही वळणापर्यंत गेलो असू, तोच मागे जाऊबाईंचा आवाज फुटला. गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्या बांधावरून येत होत्या. ओढा काय तुझ्या सासऱ्याचा हाय काय रं, इथपासून सुरुवात झाली, खाली पोरं पानी पितात इथपर्यंत आली, आणि टेंपो चढावर घेण्याचा आवाज येईपर्यंत चालू राहिली. विहीणबाई पाठ फिरवूनच उभ्या होत्या. मान किंचित कलती करून त्यांनी शेवटचा शब्द येईपर्यंत ऐकलं.

"बरी बोलते," त्या म्हणाल्या. मग थोडं पुढे गेल्यावर, "टेंपोच्या आइलाचं सांगायचं ऱ्हायलं तिचं."

"मग जा, सांगा की तुम्ही."

त्यांनी मान हलवली. "नको. शिकंल."

ओवी पाण्याकडे ओढत होती. त्या तिच्या चालीनं, हळूहळू, पुढे चालत राहिल्या. मी मागून चालत होतो. इतकी वर्षं ज्या आवाजाला मी दबून होतो, तो आता कधी येईल म्हणून कान देत.